लेडी न्यासा जहाजाचे खलाशी आणि शरणपूरचे आफ्रिकी

नाशिकांत राहणाऱ्यास शरणपूर रस्ता ठाऊक नाहीं असें होणार नाहीं. दुकानें, पेढ्या, दवाखाने यांची त्या रस्त्यावर आज इतकी दाटी झाली आहे कीं, शरणपूर हें एके काळीं शहराबाहेरचें स्वतंत्र गांव होतें आणि त्यास हें नांव हेतुपूर्वक देण्यांत आलें होतें, याची आठवण येण्याजोगें तेथें फारसें उरलेलें नाहीं. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं इ. स. १८५४-५५ च्या सुमारास ही वसाहत वसविली. 'शरण' या शब्दाचे अमरसिंहानें दोन अर्थ दिले आहेत. एक रक्षण करणारा व दुसरा घर. नांव ठेवणारांच्या मनांत पहिला अर्थ असावा. येथें ज्यांना आश्रय मिळाला त्यांतील कांहींना दुसऱ्या अर्थाचें शरण कोठें व कितपत लाभलें, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा एक हेतु आहे.

दुसरा हेतु एका रूढ समजुतीच्या दुरुस्तीचा आहे. नाशिकच्या स्थानिक इतिहासाविषयीं बोलणें निघालें म्हणजे, प्रसिद्ध प्रवासी डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचें शव आफ्रिकेच्या अंतर्भागांतून समुद्रापर्यंत वाहून आणणारे चुमा व सुसी हे 'आपल्या नाशिकचे' होते, असें विधान पुष्कळदां ऐकूं येतें. आम्हींही अध्यापन करीत असतां विद्यार्थ्यांना तसेंच सांगितलें आहे, आणि तें चुकीचें होतें. चुमा आणि सुसी हिंदुस्थानांत आले ते एका लहानशा जहाजावरून, आणि ते मुंबईस राहिले. नाशिकचे ते निराळे. या दोन्ही मंडळींची गांठ पुढें एका तिसऱ्याच जहाजावर पडली, व त्यांतून हा घोटाळा उत्पन्न झाला. तो उलगडावयाचा तर जहाजापासूनच आरंभ केला पाहिजे.

'लेडी न्यासा' हें डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या स्वतःच्या मालकीचें जहाज. तें स्कॉटलंडांत ग्लासगो येथें बांधलें गेलें व त्यास सुमारें सहा हजार पौंड खर्च आला. १८५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रवासग्रंथाचें जें उत्पन्न आलें, त्यांतील मोठा वांटा या जहाजांत गेला. पूर्व आफ्रिकेंतील न्यासा सरोवरावर, म्हणजे ज्याला आतां मलावी सरोवर म्हणतात तेथें, तें व्यापारासाठीं फिरवावें अशी त्यांची योजना होती. सरोवराच्या पश्चिम तीरावरून पूर्व तीराला गुलामांचे तांडेच्या तांडे नावांतून उतरत, आणि तेथून किल्वा बंदराच्या वाटेला लागत. समुद्रापर्यंत हस्तिदंत न्यावयाचा तोहि त्यांच्याच डोक्यावरून. तेव्हां हस्तिदंत सरोवरावरच रोख खरेदी करणारें एखादें जहाज असल्यास माणसें विकण्यांतला नफा आपोआप बुडेल, असा हा हिशेब होता. हिशेब चुकीचा होता असें म्हणवत नाहीं. पण त्याची परीक्षाच झाली नाहीं. शिरे नदीच्या धबधब्यांवरून वर नेतां यावें म्हणून जहाज सुट्या भागांत पाठविलें होतें. झांबेझीच्या कांठीं शुपांगा येथें ते भाग जोडून २३ जून १८६२ रोजीं तें पाण्यांत लोटण्यांत आलें. त्यापूर्वीं दोनच महिने, २७ एप्रिलला, त्याच शुपांगास डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या पत्नी मेरी या तापानें वारल्या होत्या. पुढें १८६३ मध्यें ब्रिटिश सरकारनें मोहीम परत बोलाविली. सरोवराचें नांव धारण करणाऱ्या या जहाजानें सरोवर कधीं पाहिलें नाहीं.

१८६४ च्या एप्रिलमध्यें तें झांजिबारच्या बंदरांत आलें. तेथें विकून टाकणें सोपें होतें. परंतु घेणारा तें गुलामांच्या वाहतुकीस लावील ही धास्ती होती. शिवाय जहाजावर झांबेझीकांठचीं जीं माणसें होतीं त्यांना झांजिबारांत सोडणें म्हणजे त्यांना बाजाराच्या तोंडीं देणें होतें. म्हणून लिव्हिंग्स्टन यांनीं जहाज मुंबईस नेण्याचें ठरविलें. त्यांचे यंत्रज्ञ जॉर्ज रे हे झांजिबारलाच राहिले. तेव्हां सुकाणूची, होकायंत्राची व वेध घेण्याची सर्व जबाबदारी खुद्द लिव्हिंग्स्टन यांच्यावर पडली. ते वैद्य होते, धर्मोपदेशक होते, अक्षांश-रेखांश काढण्यांत निष्णात होते. पण महासागरावरील जहाजाचे तांडेल ते यापूर्वीं कधीं झालेले नव्हते.

३० एप्रिल १८६४ रोजीं नांगर उचलला. मुंबई अडीच हजार मैलांवर. जहाजाची लांबी सुमारें ११५ फूट, आणि कोळसा अवघा चौदा टन. अर्थात् भिस्त शिडांवर. या समुद्राचा नियम आपल्याकडील नाखव्यांना पिढ्यान् पिढ्या पाठ होता. हिंवाळ्यांत ईशान्येचा वारा सुटतो, त्यावर आफ्रिकेच्या किनाऱ्यास उतरावें. एप्रिल सरतां सरतां नैर्ऋत्येचा वारा वाहूं लागतो, त्यावर परतावें, आणि त्याला जोर चढण्याच्या आंत आपलें बंदर गांठावें. कच्छी भाट्यांचा झांजिबारशीं चालणारा सारा व्यापार याच वाऱ्यांच्या पायरीवर उभा होता. झांजिबारच्या जकातीचा मक्ता त्या काळीं जयराम शिवजी यांच्या पेढीकडे होता, इतकें सांगितलें म्हणजे हा व्यवहार केवढा होता याची कल्पना येईल. सारांश, लिव्हिंग्स्टन यांनीं निवडलेली वेळ नियमास सोडून नव्हती, पण अगदीं कडेची होती. दोन मोसमांच्या सांध्यांत वारा पडतो. तसा तो पडला, आणि पंचेचाळीस दिवसांच्या प्रवासांतील निम्म्याहून अधिक दिवस जहाज निवांत पाण्यावर नुसतें डुलत राहिलें. अन्न आणि पाणी काटकसरीनें पुरवावें लागलें.

आतां खलाशांकडे वळूं. लिव्हिंग्स्टन यांखेरीज जहाजावर तीन गोरे होते: एक आगवाला, एक सुतार व एक खलाशी. झांबेझीकडील सात आफ्रिकी होते, आणि दोन मुलगे होते. म्हणजे एकंदर तेरा असामी. सातांपैकीं कोणीहि या नोकरीस लागेपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. गोऱ्यांपैकीं दोघे दीर्घकाळ आजारी पडून राहिले, तेव्हां शिडें चढविणें-उतरविणें व सुकाणू धरणें हीं कामें याच सातांच्या अंगावर आलीं, व तीं त्यांनीं केलीं. लिव्हिंग्स्टन यांनीं त्यांची मुक्तकंठानें स्तुति केली आहे. परंतु स्तुति करतांना उल्लेख मुख्यतः संख्येनें, 'सात झांबेझीकर' असा केला आहे.

येथें अमरकोशाची पुन्हा आठवण होते, व वाचकांनीं एका जुन्या शिक्षकाची ही खोड सहन करावी. वारिवर्गांत जहाजाच्या व्यापाऱ्याला 'सांयात्रिक' म्हटलें आहे, सुकाणू धरणाराला 'कर्णधार', आणि जहाज चालविणाऱ्या मंडळींना 'नियामक' व 'पोतवाह'. पैकीं पहिले दोन शब्द कोशकारानें एकवचनीं घातले आहेत व शेवटचे दोन बहुवचनीं. विद्यार्थ्यांकडून हा वर्ग पाठ करून घेतांना आम्हांला त्यांत छंदाच्या सोयीपलीकडे कांहीं दिसलें नव्हतें. आतां दिसतें. कर्णधार एक असतो, त्याचें चरित्र लिहितां येतें. पोतवाह अनेकवचनीं नांदतात. लेडी न्यासाच्या सातांपैकीं सुसी व अमोदा हे दोघे शुपांगाचे, त्यांचीं नांवें पुढील हकीकतींमुळें आपणांस परिचित झालीं. ते पुढें आले नसते तर तेहि या सातांत विरून गेले असते. दोन मुलग्यांचीं नांवें चुमा व विकातानी. हे दोघे याव जमातीचे. १८६१ मध्यें लिव्हिंग्स्टन व बिशप मॅकेंझी यांनीं गुलामांचे तांडे सोडविले त्या वेळीं ते सुटलेले.

१३ जून १८६४ रोजीं लेडी न्यासा मुंबई बंदरांत शिरलें. मृग लागून आठवडा झाला होता. कोंकणांतील कोळी व भंडारी या दिवसांत आपलीं गलबतें किनाऱ्यावर ओढून, झापांनीं शाकारून, नारळी पौर्णिमेची वाट पाहत बसतात. पावसानें झाकोळलेल्या त्या समुद्रांतून हें चिमुकलें जहाज आलें, आणि तें इतकें लहान होतें कीं त्याचें येणें कोणाच्या लक्षांतहि आलें नाहीं. मुंबईला लक्ष देण्यास सवडहि नव्हती. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाला सोन्याचा भाव आलेला. बँका, भरणीच्या कंपन्या आणि त्यांचे भाग यांवांचून शहराला दुसरा विषय नव्हता. जहाज तेथेंच ठेवून लिव्हिंग्स्टन विलायतेस गेले व पुढील वर्षीं परत येऊन त्यांनीं तें २३०० पौंडांस विकलें. सहा हजारांच्या जहाजाचे तेवीसशें आले; तेहि त्यांनीं ज्या बँकेंत ठेवले ती मंदीच्या लाटेंत बुडाली. मुंबईच्या शेअरबाजारानें नागविलेल्यांच्या यादींत एक नांव असेंहि आहे.

जहाज विकलें जाण्यापूर्वींच खलाशी पांगले होते. सुसी व अमोदा यांना मुंबईच्या गोदींत काम मिळालें. चुमा व विकातानी यांना डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेंत घालण्यांत आलें. म्हणजे १८६४ ते १८६५ हीं वर्षें या चौघांनीं मुंबईंत काढलीं. नाशिकशीं त्यांचा एवढ्यावर संबंध येत नाहीं.

मग नाशिकचे कोण? तेहि समुद्रावरूनच आलेले, पण खलाशी म्हणून नव्हे, माल म्हणून. मस्कत व झांजिबार यांचे अधिपति सय्यद सैद यांच्याशीं इंग्रजांनीं १८२२ व १८४५ मध्यें केलेल्या तहांअन्वयें आफ्रिकेंतून आशियाकडे गुलाम नेण्यास बंदी झाली होती. बंदी होती म्हणून व्यापार थांबला नाहीं. तो चोरून चालूं लागला. ब्रिटिश आरमाराचीं जहाजें अशीं गलबतें धरीत, आणि त्यांतील माणसें एडनला किंवा मुंबईस उतरवून देत. त्यांत पोरांचा भरणा फार. त्यांना परत कोठें पाठवावें हा प्रश्नच होता. कारण ज्या किनाऱ्यावरून तीं आलीं तेथें सोडलीं तर आठ दिवसांत पुन्हा विकलीं जाणार. सबब सरकार त्यांना मिशनांच्या हवालीं करी. चर्च मिशनरी सोसायटीकडे आलेलीं मुलें मुंबईहून घाट चढून नाशिकला येत. शरणपूरच्या आफ्रिकी आश्रमांत त्यांना लिहिणें-वाचणें व त्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम यांसारखे धंदे शिकवीत. 'हबशी' म्हटलें कीं मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर मलिक अंबर किंवा जंजिऱ्याचे सिद्दी उभे राहतात. त्यांच्याशीं या मुलांचा कांहींएक संबंध नाहीं. यांतील बरींच मुलें न्यासा सरोवराच्या आसमंतांतील, कित्येक तर चुमाप्रमाणेंच याव होतीं. शहराचा बाजार मैलभरावर. तेथील मराठी बोली त्यांच्या कानीं रोज पडत असली पाहिजे.

त्यांचीं नांवें हा एक स्वतंत्र पुरावा आहे. १८६६ सालीं जे नऊ जण लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर गेले त्यांचीं नांवें येणेंप्रमाणें: एडवर्ड गार्डनर, नाथानिएल कुंबा, सायमन प्राइस, अब्राहाम परेरा, आल्बर्ट बरका, रिचर्ड इझेनबर्ग, रूबेन स्मिथ, अँड्र्यू पॉवेल व जेम्स रटन. यांत 'प्राइस' हें शरणपूरच्या संस्थापकाचें आडनांव; 'इझेनबर्ग' हें मुंबईस आफ्रिकी मुलांची व्यवस्था पाहणाऱ्या मिशनऱ्याचें. मुलाच्या पूर्वीच्या नांवाचा अवशेष राहिला आहे तो कुंबा आणि बरका या दोन ठिकाणीं. नाथानिएल कुंबा याला पुढें सर्वत्र 'मब्रुकी' म्हटलेलें आहे. शिलालेख घासून त्यावर नवीं अक्षरें खोदावीं, तसा हा प्रकार दिसतो. मात्र खोदणाराचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याला कोणीं नाहीं त्याला आपलें आडनांव देणें यांत मायाहि असूं शकते.

१८६५ च्या सप्टेंबरांत लिव्हिंग्स्टन पुन्हा मुंबईस आले व नव्या मोहिमेसाठीं माणसें जमवूं लागले. त्या निमित्तें ते नाशिकास येऊन रेव्हरंड प्राइस यांना भेटले, आणि वरील नऊ तरुण त्यांना मिळाले. मुंबईच्या गोदींतून सुसी व अमोदा आले, डॉ. विल्सन यांच्या शाळेंतून चुमा व विकातानी आले. या दोन प्रवाहांचा संगम झाला तो 'थूल' या जहाजावर. हें मूळचें कॅप्टन शेरार्ड ऑसबर्न यांच्या चीनकडील आरमारांतलें. मुंबई सरकारनें तें झांजिबारच्या सुलतानास नजर करण्याचें ठरविलें होतें, आणि नजर पोंचविण्याचें काम गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनीं लिव्हिंग्स्टन यांच्यावर सोंपविलें होतें. पौषांतला ईशान्येचा वारा पाठीशीं होता. तेवीस दिवसांत, २८ जानेवारी १८६६ रोजीं, थूल झांजिबारास पोंचलें. गुलाम म्हणून ज्या पाण्यावरून ते आणले गेले होते तेंच पाणी शरणपूरचे हे नऊ जण पगारी माणसें म्हणून उलट ओलांडीत होते.

झांजिबारहून १९ मार्चला 'पेंग्विन' या लढाऊ जहाजानें त्यांना दक्षिणेस नेलें. जनावरें एका गलबतावर होतीं. २४ मार्चला मंडळी मिकिंडानी येथें उतरली. लिव्हिंग्स्टन यांनीं आपल्या रोजनिशींत जी गणती दिली आहे ती आमच्या मुद्द्यास निर्णायक आहे. तेरा शिपाई, अंझुआन बेटाचे म्हणजे 'जोहाना'चे दहा, 'नासिक'चे नऊ, शुपांगाचे दोन, याव दोन. शुपांगाचे दोन म्हणजे सुसी व अमोदा. याव दोन म्हणजे चुमा व विकातानी. खुद्द मोहिमेच्या नायकानें 'नासिक'च्या सदरांत चुमा-सुसींना घातलेलें नाहीं. नंतरच्या लेखकांनीं हिंदुस्थानांतून आलेल्या सर्वांना सरसकट 'नासिक बॉइज' म्हणण्यास सुरुवात केली, आणि आपल्या गांवाचें नांव छापलेलें पाहून आम्हां नाशिककरांना तें गोड वाटलें. गोड वाटणें हा पुरावा नव्हे. असो. जनावरांची यादीहि मौजेची आहे: सहा उंट, तीन म्हशी व एक पारडूं, दोन खेंचरें आणि चार गाढवें. त्सेत्सी माशीच्या दंशानें हीं जनावरें मरतात किंवा नाहीं हें पाहावयाचें होतें. ती परीक्षा पुरी होण्यापूर्वींच शिपायांनीं केलेल्या हालांमुळें बरींच जनावरें मेलीं. शिपाई त्याच वर्षीं परत पाठविले गेले. जोहानाचे दहा जण पुढें पळाले, व त्यांचा म्होरक्या मूसा यानें लिव्हिंग्स्टन मारले गेल्याची खोटी बातमी किनाऱ्यावर पसरविली. ती खोटी आहे हें ठरविण्यासाठीं १८६७ मध्यें लेफ्टनंट यंग यांची निराळी मोहीम काढावी लागली.

नऊ नाशिककरांच्या वाट्याला काय आलें? रिचर्ड हा पहिल्याच उन्हाळ्यांत वाटेंत मरण पावला. अब्राहामाची हकीकत थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे. १८६६ च्या जुलैंत याव मुलखांतून जात असतां त्याला एक मनुष्य भेटला, तो त्याचा मामा निघाला. त्याच्याकडून अब्राहामाला कळलें कीं, आपण विकले गेल्यानंतर आई आणि दोघी बहिणीहि विकल्या गेल्या. मामानें राहण्याचा आग्रह केला. लिव्हिंग्स्टन यांनींहि मोकळीक दिली. अब्राहाम राहिला नाहीं. आई नाहीं, बहीण नाहीं, तर येथें राहून काय करूं, असें त्याचें म्हणणें पडलें. सप्टेंबरांत विकातानीला मात्र सरोवराजवळ आपलीं माणसें सांपडलीं, आणि तो तेथें राहिला. 'शरण' शब्दाचा जो दुसरा अर्थ आम्हीं आरंभीं सांगितला, त्याची कसोटी या दोघांच्या निर्णयांत पाहावयास मिळते. दोघेहि एकाच मुलखाचे. एकाला घर सांपडलें, दुसऱ्याला घराची जागा तेवढी सांपडली.

बरका हा सामानाची काळजी घेणारा म्हणून औषधांची पेटी त्याच्याकडे असे. १८६७ च्या जानेवारींत एके दिवशीं एका हमालानें त्याच्याशीं ओझ्यांची अदलाबदल केली आणि तो साथीदारासह जंगलांत पसार झाला. पेटी गेली, तिच्याबरोबर सर्व क्विनीन गेलें. आपल्याला जणूं मृत्यूची शिक्षा ऐकविली गेली, या अर्थाचें वाक्य लिव्हिंग्स्टन यांनीं त्या दिवशीं लिहिलें आहे. बरका पुढें मोहिमेंतच वारला. जेम्स हा १८७१ च्या आरंभीं मान्येमा प्रांतांत मारला गेला. सर्वच एकनिष्ठ राहिले असें नाहीं. कांहींनीं मध्येंच साथ सोडली, कांहींनीं काम नाकारलें, आणि लिव्हिंग्स्टन यांच्या रोजनिशींत त्यांच्याविषयीं कडक शब्द आहेत. उपासमार, ताप आणि सहा-सहा महिने पगार नाहीं, अशा स्थितींत हें घडलें हेंहि ध्यानांत ठेवावें. अखेरपर्यंत राहिले ते पांच. त्यांत गार्डनर व मब्रुकी हे दोन शरणपूरचे. सुसी, अमोदा व चुमा हे तीन लेडी न्यासाचे.

१८७२ सालीं शरणपूरहून दुसरी तुकडी निघाली. लिव्हिंग्स्टन यांच्या शोधार्थ लंडनच्या भौगोलिक संस्थेनें मोहीम पाठविली होती, तिच्यासाठीं हे तरुण झांजिबारास धाडण्यांत आले. त्यांत जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन व कारस फरार हे होते. परंतु ते पोंचतात तों स्टॅन्ले हे लिव्हिंग्स्टन यांना भेटून परत आलेले. मोहीम मोडली, आणि स्टॅन्ले यांनीं जे सत्तावन लोक लिव्हिंग्स्टन यांच्याकडे रवाना केले त्यांत ही तुकडी सामील झाली.

१ मे १८७३ च्या पहाटें आजच्या झांबियांतील चितांबो याच्या गांवीं लिव्हिंग्स्टन बिछान्यापाशीं गुडघे टेकलेल्या स्थितींत मृत आढळले. पुढें काय करावें याचा निर्णय तेथें जमलेल्या आफ्रिकी मंडळींनींच घेतला. सांगणारा गोरा मनुष्य तेथें कोणी नव्हता. नेतृत्व सुसी व चुमा यांचें होतें. जेकबानें सर्वांसमक्ष पेट्या उघडून सामानाची यादी लिहून घेतली. काळीज व आंतडीं काढून एका झाडाखालीं पुरलीं, त्या वेळीं प्रार्थना जेकबानें वाचली व झाडावर अक्षरेंहि त्यानेंच कोरलीं. देह मीठ घालून चौदा दिवस उन्हांत वाळविला. मग कापडांत गुंडाळून, झाडाच्या सालीच्या नळकांड्यांत ठेवून, त्यावर शिडाचें कापड शिवलें आणि तें ओझें काठीला बांधून मंडळी निघाली. हजार मैलांहून अधिक वाट होती. उन्यान्येंबे येथें कॅमेरॉन हे इंग्रज अधिकारी भेटले, त्यांनीं येथेंच दफन करावें असा सल्ला दिला. तो मानला गेला नाहीं. पुढें कसेकेरा या ठिकाणीं लोकांनीं प्रेत नेण्यास हरकत घेतली. तेव्हां या मंडळींनीं काड्यांचा एक खोटा देह बांधून तो पुरण्यासाठीं परत पाठविल्याचें सोंग केलें, आणि खऱ्या देहाला व्यापाऱ्याच्या कापडी गठ्ठ्याचें रूप देऊन तो पुढें काढला. १८७४ च्या फेब्रुवारींत ते बागामोयोस समुद्रावर पोंचले.

तेथून पुन्हा जहाजें. 'व्हल्चर' हें लढाऊ जहाज झांजिबारपर्यंत, 'कलकत्ता' एडनपर्यंत, आणि पुढें 'माळवा' या आगबोटीनें साउथॅम्प्टन. देहाबरोबर एकटा जेकब गेला. त्याला इंग्रजी चांगलें येत होतें, आणि त्याचा खर्च चर्च मिशनरी सोसायटीनें उचलला होता. सुसी व चुमा यांना झांजिबारला वेतन देऊन निरोप देण्यांत आला. १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींत शवपेटीच्या दोन्ही बाजूंनीं जे निवडक गृहस्थ चालले त्यांत शरणपूरचा जेकब होता. ज्यांनीं नऊ वर्षें सोबत केली ते नव्हते. नाशिकचे म्हणून आम्हांला याचा आनंद वाटावा कीं संकोच, हें ठरविणें कठीण आहे. आमच्या मतें जेकबाला मिळालेला मान खोटा नव्हता, पण तो त्याला लेखणीनें मिळाला, पायांनीं नव्हे. सुसी व चुमा त्याच वर्षीं उशिरां एका मित्राच्या खर्चानें विलायतेस गेले, आणि लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या रोजनिश्यांचें संपादन करणाऱ्या होरेस वॉलर यांना त्यांनीं तोंडी माहिती पुरविली. त्या ग्रंथांतील मृत्यूची व परतीच्या प्रवासाची सारी हकीकत मुख्यतः त्यांच्या साक्षीवर उभी आहे. भौगोलिक संस्थेनें साठ पदकें पाडलीं. तीं तयार होईपर्यंत घेणारे आफ्रिकाभर पांगून गेले होते.

शरणपूरच्या आश्रमाचेंहि काम लौकरच संपलें. सर बार्टल फ्रियर यांच्या खटपटीनंतर ५ जून १८७३ च्या तहानें झांजिबारचा गुलामबाजार बंद झाला, आणि सोडविलेल्या माणसांची वसाहत आफ्रिकेंतच करावी असें ठरून मोंबासाजवळ 'फ्रियर टाउन' वसलें. तें वसविण्यास प्राइस हेच गेले, व त्यांच्यामागून शरणपूरचे आफ्रिकी. तेथें त्यांना 'बाँबे आफ्रिकन' हें नांव पडलें. त्यांच्या आधीं, लेडी न्यासा मुंबईस आलें त्याच १८६४ सालीं, विल्यम जोन्स व इश्माएल सेम्लर हे मोंबासाकडे गेलेले होते. १८८५ मध्यें बिशप हॅनिंग्टन यांनीं दोघांना धर्माधिकाराची दीक्षा दिली. त्याच वर्षीं बिशप बुसोगांत मारले गेले, तेव्हां उरलेल्या तांड्याला सांभाळून किनाऱ्यावर आणणारा हा जोन्सच.

चुमा १८८२ त व सुसी १८९१ त झांजिबारला वारले. जेकब १८९२ मध्यें उरांबो येथें वारला. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासास १९३५ पर्यंत जिवंत होता. जेकबानें देहाबरोबरच्या वाटचालीची रोजनिशी इंग्रजींत लिहिली होती. तिचें जर्मन भाषांतर १८७४ मध्येंच पेटरमान यांच्या भूगोलविषयक नियतकालिकांत छापलें गेलें. मूळ इंग्रजी हस्तलिखित लोकांपुढें आलें तें २०१९ मध्यें. वाटेंतील मुक्काम, तेथें काय खाण्यास मिळालें, कोण आजारी पडला, कोणत्या गांवीं वाट अडविली, हें सर्व तो वळणदार अक्षरांत नोंदीत गेला आहे. तीं अक्षरें तो शरणपूरच्या शाळेंत शिकला होता.